उजवीकडचा रकाना

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीने रजेच्या अर्जात लिहिले होते : 'माय ग्रँडमदर किक्ड द बकेट.' अर्ज स्टाफरूमभर फिरला. सगळे हसले, आम्हीही हसलो. पुढे ती भेटली तेव्हा तिने आपली वही दाखवली. दोनशे पानी वही, मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार आणि उजवीकडे मराठी अर्थ. 'किक द बकेट'समोर एकच शब्द होता : 'मरणे'.

आम्ही तिला विचारले, मराठीत माणूस मेल्याचे किती प्रकारे सांगता येते? ती क्षणभरही अडली नाही. वारणे, निवर्तणे, देवाघरी जाणे, डोळे मिटणे, मान टाकणे, राम म्हणणे, खपणे, गचकणे. आम्ही म्हटले, मग अर्जात 'आजी गचकली' असे लिहिशील का? तिने चटकन जीभ चावली. 'किक द बकेट' म्हणजे काय, हे तिला त्या क्षणी कळले आणि ते कळण्यासाठी लागणारे सगळे ज्ञान तिच्याजवळ आधीपासून होते. कुणाशी काय बोलावे, कुठला शब्द घरात चालतो आणि कुठला चावडीवर, याची जाण तिच्या गावाने तिला दिलेली होती. वहीच्या उजव्या रकान्याने तेवढी गाळून टाकली होती.

कोल्हापुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत अशा वह्या दिसतात. गडहिंग्लज, राधानगरी, शाहूवाडीकडून आलेली मुले पहाटेपासून याद्या पाठ करत बसतात. त्यांच्या कष्टांची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. ज्यांच्या घरात इंग्रजीचे पुस्तक कधी आले नाही त्यांनी आणखी करायचे तरी काय? पण पर्यायांपैकी योग्य उत्तरावर खूण करणारा हाच मुलगा मुलाखतीत तोंड उघडत नाही, कारण त्याच्याजवळचे शब्द ओळखीचे आहेत, वापरातले नाहीत. आमचे म्हणणे असे की, प्रगत इंग्रजी शब्दसंपत्तीचा आमच्या विद्यार्थ्यांसाठीचा रस्ता मराठीतून जातो. आणि तो रस्ता बंद पडला याला इंग्रजीच्या अध्यापकांइतकेच आम्ही मराठीवालेही जबाबदार आहोत.

एके काळी हा रस्ता वाहता होता. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला (हे तर्खडकर म्हणजे व्याकरणकार दादोबा नव्हेत) महाराष्ट्रात कित्येक पिढ्यांनी गिरवली. मराठी वाक्य इंग्रजीत न्यायचे, इंग्रजी वाक्य मराठीत आणायचे, एवढाच तिचा खटाटोप. तिच्यात रुक्षपणा होता, बोलण्याचा सराव नव्हता, हे दोष खरेच. पुढे प्रत्यक्ष पद्धतीचा पुरस्कार झाला, इंग्रजीच्या तासाला मराठी उच्चारणे कमीपणाचे ठरले आणि दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची सवयच गेली. भाषांतर गेले खरे, पण उजवीकडचा रकाना राहिला! म्हणजे पद्धतीतले सर्वांत निकृष्ट तेवढे टिकले.

ही सवय काय देते, ते मिठाच्या उदाहरणाने पाहता येईल. 'टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' यासमोर वहीत 'पूर्ण विश्वास न ठेवणे' असे असते. बरोबरच आहे. पण मराठीत बातमीला तिखटमीठ लावतात, आणि अशी तिखटमीठ लावलेली बातमीच इंग्रज चिमूटभर मिठाबरोबर घेतो. एकीकडे मीठ सांगणाऱ्याच्या हातात, दुसरीकडे ऐकणाऱ्याच्या. जखमेवर मीठ चोळणे दोन्ही भाषांत आहे. 'वर्थ वन्स सॉल्ट' आणि 'मिठाला जागणे' मात्र वरवर जुळे वाटले तरी वेगळे : तिथे प्रश्न लायकीचा आहे, इथे इमानाचा. एवढी चर्चा वर्गात झाली की हे सगळे प्रयोग विसरू म्हटले तरी विसरत नाहीत.

इंग्रजीचे सहकारी यावर आक्षेप घेतात की, मराठीतून विचार केल्यामुळेच मुले 'डोन्ट ईट माय हेड' म्हणतात. आम्हाला उलट वाटते. 'डोके खाणे' हा वाक्प्रचार आहे, तो शब्दशः नेता येत नाही, हे त्या मुलाला कुणी कधी दाखवलेच नाही. तुलना केल्यामुळे ही चूक होत नाही, ती न केल्यामुळे होते.

परक्या भाषेची शब्दसंपत्ती खऱ्या अर्थाने कमावण्याचा मोठा दाखला मराठीतच आहे, फक्त दिशा उलटी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. कोश कुठेही उघडावा : शब्दाबरोबर त्याचे वाक्प्रचार, म्हणी, तो कुठे आणि कोणत्या रोखाने वापरला जातो याच्या खुणा. एका परभाषकाने पंडितांना सोबत घेऊन हे केले. आपल्या राजाराम महाविद्यालयात माधव जूलियन फार्सी शिकवत, त्यांची गोष्टही आठवावी. मराठीतून फार्सी-अरबी शब्द दूर करावेत असा आग्रह धरणाऱ्या या कवीने त्याआधी, १९२५ मध्ये, फार्सी-मराठी कोश सिद्ध केला होता. त्यांचे भाषाशुद्धीचे मत आम्हाला पटत नाही; पण ज्या शब्दांना दार दाखवायचे त्यांचे कूळ त्यांना ठाऊक होते.

आमच्या मुलांना कूळ सांगतो कोण? नॉर्मन लुईसचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' (१९४९) अनेकांच्या हातात असते. ते पुस्तक शब्दांच्या धातूंवर उभे आहे, आणि मुले नेमके धातू वगळून शब्द उतरवून घेतात. 'जगरनॉट' हा 'अवघड' शब्द म्हणून घोकणाऱ्याला तो पुरीच्या जगन्नाथाचा रथ आहे हे माहीत नसते. 'मंगूज' म्हणजे आपलेच मुंगूस, इंग्रजीने मराठीतून उचललेले, हेही नसते. संयुक्त परीक्षेच्या अभ्यासक्रमात मराठीच्या म्हणी-वाक्प्रचार आणि इंग्रजीचे 'आयडियम्स' शेजारी शेजारी छापलेले आहेत. शिकवणारे मात्र दोन, वेळा दोन, वह्या दोन.

गेल्या वर्षी आम्ही मराठीच्याच तासाला हा उद्योग करून पाहिला. वेळापत्रकात त्याला जागा नव्हती, आठवड्यातला एक तास आमच्यातच जुळवून घेतला. नियम एकच : उजवीकडच्या रकान्यात अर्थ लिहायचा नाही, त्याच तोलाचा मराठी प्रयोग लिहायचा. न सापडला तर जागा कोरी ठेवायची. पहिल्या महिन्यात बहुतेक रकाने कोरे राहिले आणि मुले घरी आजी-आजोबांना विचारू लागली.

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, 'नाद खुळा' इंग्रजीत कसं म्हणायचं?" वर्ग हसला. कुणी 'ऑसम' म्हणाले, ते लगेच पडले, फार गुळगुळीत म्हणून. 'आउट ऑफ धिस वर्ल्ड' सुचले, तर पुढच्या बाकावरच्या मुलीने हरकत घेतली की ते 'जगात भारी'ला चालेल. 'नाद खुळा'मध्ये नाद आहे, वेड आहे, त्याचे काय? मग 'क्रेझी'वर वाद सुरू झाला. तास संपला तरी निकाल लागला नव्हता, आणि फळ्यावर अकरा इंग्रजी प्रयोग होते. त्यांतले चार आम्हालाही नवे होते.