माळ्यावरची रेंजर खाली काढा

१९९० नंतरच्या दहा-बारा वर्षांत घेतलेली जाड टायरची, सरळ हँडलची सायकल तुमच्या घरात कुठे पडून असेल, माळ्यावर, जिन्याखाली किंवा गावाकडच्या गोठ्यात, तर ती भंगारात देऊ नका. भंगारवाला तिला काट्यावर टाकतो आणि लोखंडाचा भाव देतो. त्या पैशात तिचे दोन नवे टायरही येत नाहीत. मला सांगायचं आहे ते एवढंच, की ती सायकल दुरुस्त होते, पहिल्यासारखी चालते आणि तिला हात लावणारा मिस्त्री अजून आपल्या गावात आहे. मात्र तो आता म्हातारा झाला आहे, म्हणून हे घाईने लिहिते आहे.

माझी सायकल हीरो रेंजर. १९९५ साली मी नववीत असताना बाबांनी ती खामगावहून घेतली आणि एसटीच्या टपावर बांधून बुलडाण्याला आणली. घरात ती दादाची आणि माझी मिळून होती. मुलींनी दांडा नसलेली, पुढे टोपली लावलेली सायकल चालवायची असा तेव्हाचा रिवाज होता आणि शेजारच्या काकूंनी आईला तसं सुचवलंही होतं. बाबा म्हणाले, पाय पुरतात ना, मग चालव. मी चालवली. पुढे जिजामाता महाविद्यालयातही तिच्यावरूनच गेले. आज मी मोताळा तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि सायकलवरून स्वतःच्या मर्जीने कुठेही जाता येणं म्हणजे काय, हे मला त्या वयात कळलं याबद्दल मी बाबांची ऋणी आहे.

आमच्या गावाला ही सायकल शोभायचीही. बुलडाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून जास्त उंचीवर वसलं आहे. मलकापूरकडे निघालात तर राजूरचा घाट. खामगावकडे निघालात तर बोथ्याचा घाट, तोही ज्ञानगंगेच्या जंगलातून. त्या जंगलाला १९९७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. चिखलीकडे तेवढा रस्ता सरळ. काळी, मोठ्या चाकांची, सळईच्या ब्रेकची सायकल शहरात आणि चिखलीच्या रस्त्याला उत्तम होती. पण घाटात, विशेषतः पावसात, ओल्या लोखंडी रिमवर तिचे ब्रेक धरेनात. रेंजरची चाकं लहान, टायर जाड, हँडल रुंद. खडीवर ती घसरत नसे. ‘जो जीता वही सिकंदर’ १९९२ मध्ये आला होता आणि आमच्या गल्लीत तो व्हीसीआर भाड्याने आणून पुन्हा पुन्हा पाहिला गेला. त्यातल्या शर्यतीच्या सायकली बारीक टायरच्या होत्या, पण आम्हा पोरांना वेड लागलं ते सायकलीचंच, आणि दुकानात त्या वेडाला जवळची म्हणून रेंजर, हर्क्युलसची एमटीबी, बीएसएची मॅक अशीच नावं होती.

डोंगरातल्या सायकलीचा, म्हणजे एमटीबीचा, जन्मच मुळात भंगारातून झाला, हे मला फार पुढे वाचनात कळलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथल्या तरुणांनी १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या जुन्या श्विन सायकली कवडीमोलाने मिळवल्या, दुरुस्त केल्या आणि डोंगरावरून खाली सोडल्या. उतार एवढा, की मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस तापून जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर हबमध्ये नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यांनी भरवलेल्या शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव त्यावरून पडलं. पहिली शर्यत १९७६ ची. पुढे त्यांच्यातल्याच ज्यो ब्रीझने १९७७ मध्ये डोंगरासाठी म्हणून खास सांगाडा बांधला, १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीने बांधलेले सांगाडे घेऊन विक्री सुरू केली, आणि १९८१ मध्ये स्टम्पजंपर ही सायकल बाजारात आल्यावर कारखान्यातून अशा सायकली बाहेर पडू लागल्या. म्हणजे आपल्या लुधियानातून आणि मद्रासहून आलेल्या सायकलींची मूळ आजी ही कुणाच्या तरी परसात गंजत पडलेली जुनी सायकल होती.

माझी रेंजर लग्नानंतर माहेरीच राहिली. आईने माळा आवरायला काढला तेव्हा ती हाती आली. चेन गंजून एकसंध झालेली, टायर हाताने मोडत होते, सीटला उंदरांनी कुरतडलेलं. पण सांगाडा सरळ होता, चिमटा सरळ होता. मी ती ढकलत ओळखीच्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी आधी पायडल धरून हलवून पाहिलं आणि म्हणाले, “कॉटर बसून गेला. याले रातभर डिझेल पाजा लागते, पोरी. सकायी पाहू.” पूर्वी हे काम रॉकेलने व्हायचं, आता रॉकेल मिळत नाही.

सकाळी कॉटर, म्हणजे क्रँक पक्का धरणारी पाचर, निघाला, पण कसा निघाला ते शिकण्यासारखं आहे. क्रँकखाली पोकळ नळीचा तुकडा उभा टेकवून त्यांनी वरून हातोड्याचा एकच जोराचा घाव घातला. आधार न देता ठोकलं असतं तर तो सगळा मार आतल्या छऱ्र्यांवर आणि वाट्यांवर गेला असता. नवा कॉटर बाजारातून आणला, पण तोही तसाच बसत नाही. त्याचा उतार कानशीने घासून जुळवावा लागतो, आणि दोन्हीकडचा उतार सारखा घासला गेला नाही तर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत. सायकल चालवताना पाय लंगडतो. त्यांनी कानस माझ्या हातात दिली. विज्ञानाच्या तासाला मी पाचरीचं तत्त्व अनेक वर्षं फळ्यावर शिकवत आले, ते बोटांना त्या दिवशी कळलं.

मग हब उघडले. मागच्या हबात पाव इंची छर्रे, पुढच्यात त्याहून लहान, ३/१६ इंची. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. वाट्या मात्र आतून गुळगुळीत होत्या, म्हणून फक्त छर्रे बदलले. एक्सेलवरचा कोन किती आवळायचा याला माप नाही. सैल राहिला तर चाक खडखडतं, जास्त आवळला तर छर्रे घासतात. एक्सेल बोटात धरून फिरवायचा आणि अंदाज घ्यायचा. चाकाचा आऊट काढायला मात्र त्यांनी मला हात लावू दिला नाही. छत्तीस तारा, त्यातली कुठली सैल करायची आणि कुठली ओढायची, हे ते तारांवर नख फिरवून आवाजावरून ठरवत होते. ती समज एखाद्या दिवसात येणारी नव्हे.

ज्यांना ही सायकल पुन्हा उभी करायची आहे त्यांच्यासाठी टायरबद्दल एक गोष्ट सांगते. दुकानात नुसता ‘सव्वीसचा टायर’ मागू नका. २६ × १ ३/८ हा टायर वेगळ्या रिमचा आहे, तो या चाकावर बसत नाही. रेंजर-एमटीबीला २६ × १.९५ किंवा २.१२५ लागतो आणि टायरच्या कडेला बारीक अक्षरात ५५९ हा आकडा असतो; तो पाहून घ्या. घाट चढायचा असेल तर मागचं अठरा दात्यांचं फ्रीव्हील काढून बावीस दात्यांचं बसवा. सपाटीवर वेग थोडा कमी होतो, चढावर गुडघे वाचतात.

रंगाबद्दल माझं मत दादाला पटलेलं नाही. त्याला नवा रंग आणि नवे स्टिकर हवे होते. मी फक्त गंज घासला, उघड्या पत्र्यावर तेल पुसलं आणि बाबांनी नळीवर खिळ्याने कोरलेलं आमचं आडनाव जसंच्या तसं ठेवलं. पुण्यात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय केलं आहे आणि ते फार मोलाचं काम आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या सायकली जपायला तशीच जागा हवी. पण नव्वदच्या दशकातली एमटीबी काचेमागे ठेवायची वस्तू झालेली नाही. तिचे सुटे भाग आजही मिळतात, ती रोज चालू शकते. तिला चकचकीत करून दिवाणखान्यात टांगणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला वाईट वाटतं. चालणारी सायकल भिंतीवर कशाला?

ती दुरुस्त का होते, याचं कारण तिच्या घडणीत आहे. पोलादी सांगाडा वाकला तर सरळ होतो, तुटला तर गावातला वेल्डिंगवाला जोडतो. प्रत्येक सांधा पान्याने उघडतो. माप काळ्या सायकलीच्या मापाला इतकं जवळचं, की छर्रे, कॉटर, चेन, फ्रीव्हील हे सगळं एकाच डब्यातून निघतं. आता स्वस्तातल्या सायकलींनाही पुढे शॉकअप आणि डिस्क ब्रेक असतात. चांगल्या, महागड्या सायकलीत या गोष्टींना अर्थ आहे. स्वस्त सायकलीत तो शॉकअप वजन वाढवतो, दोन-तीन पावसाळ्यांत अडकून बसतो आणि मग तो उघडायची सोयच नसते. आईबाप मुलाच्या हट्टापायी पैसे घालतात आणि सायकल अंगणात उभी राहते. साध्या, उघडता येणाऱ्या सायकलीची मागणी ग्राहकांनीच दुकानात जाऊन केली पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

हे मी आता म्हणते आहे, कारण काळ उलटा चालला आहे. १९५१ मध्ये सोनीपतला सुरू झालेल्या अ‍ॅटलसने साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद केला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. लुधियानात सुटे भाग अजून भरपूर बनतात, त्यामुळे मालाची चिंता नाही. चिंता हातांची आहे. आमच्या मिस्त्रीकाकांच्या मुलाने मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि त्याला दोष कुणी द्यावा? पंक्चरच्या पैशात घर चालत नाही.

पण काम नाही असंही नाही. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकलीसाठी अनुदान मिळतं. २०२२ मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झालं. शाळेतल्या मुलींच्या आयुष्यात याने किती फरक पडतो ते मी रोज पाहते. आठवीत मिळालेली सायकल बारावीपर्यंत टिकवायची तर मधे दोनदा तरी ती उघडून ग्रीस भरावं लागतं, ब्रेकचे रबर बदलावे लागतात. खेड्यातली मुलगी त्यासाठी तालुक्याला जाऊ शकत नाही, म्हणून चेन तुटली की सायकल थांबते आणि पुष्कळदा शाळाही.

माझी जिल्हा परिषदेकडे आणि शाळांच्या व्यवस्थापन समित्यांकडे मागणी आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेत पान्यांचा एक संच, हवेचा पंप, कानस, ग्रीस आणि छऱ्र्यांची डबी असावी. तालुक्यातल्या जुन्या मिस्त्रींना वर्षातून काही दिवस मानधन देऊन बोलवावं, मुलामुलींना शेजारी बसवून काम शिकवावं. आयटीआयमध्ये सायकलीचा छोटा अभ्यासक्रम असावा. सरावाला नव्या सायकली नकोत. गावागावांतल्या माळ्यांवर रेंजर आणि एमटीबी पडून आहेत, त्या लोकांनी शाळेला द्याव्यात, दुरुस्त झाल्यावर ज्या मुलींना अनुदान मिळत नाही त्यांना द्याव्यात. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. मे महिन्यात हे सुरू करता येईल. आमच्या शाळेत देण्यासाठी तीन पालकांनी सायकली काढून ठेवल्या आहेत, आणि मिस्त्रीकाका यायला तयार आहेत.