एक कोकण, तीन वाटा

‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे वाक्य मुंबईत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे, की त्याला पुरावा मागण्याची गरजही आता कुणाला वाटत नाही. निवडणुकीच्या व्यासपीठावर ते खंत म्हणून येते, दिवाणखान्यात विनोद म्हणून येते आणि लालबाग-परळच्या चाळींचे टॉवर होताना समर्थन म्हणूनही येते. एखाद्या समाजाची आर्थिक स्थिती त्याच्या स्वभावातूनच ठरते, हे या वाक्यामागचे गृहीतक आहे. जो वर गेला तो मूळचाच कष्टाळू आणि धोरणी, जो मागे राहिला तो मूळचाच आळशी किंवा भोळा, असा हा सोपा हिशेब.

हा हिशेब केवळ मुंबईत मांडला जात नाही. अमेरिकेत वेस्ट इंडिजहून आलेल्या कृष्णवर्णीयांबद्दल अशीच चर्चा अनेक वर्षे चालली. त्यांचे उत्पन्न तिथल्या मूळच्या कृष्णवर्णीयांहून अधिक आहे. वर्ण तोच असताना हा फरक पडतो, तेव्हा वर्णभेदाने सारे काही स्पष्ट होत नाही, असा युक्तिवाद अर्थतज्ज्ञ थॉमस सोवेल यांनी केला. त्याला मिळालेले उत्तरही तितकेच महत्त्वाचे होते. स्थलांतर करणारा माणूस मुळात निवडून आलेला असतो. शिक्षण, जिद्द आणि थोडीफार पुंजी असलेलेच समुद्र ओलांडतात. शिवाय त्याच बेटांवरची माणसे १९४८ नंतर लंडनला गेली आणि बस, रेल्वे, रुग्णालये यांतील कनिष्ठ नोकऱ्यांत अडकली, तेव्हा न्यूयॉर्कमधली ती ‘यशोगाथा’ त्यांच्या वाट्याला आली नाही. माणसे तीच, शहर वेगळे आणि निष्पत्तीही वेगळी.

या प्रश्नाचा निवाडा करायला मुंबईकराला मात्र न्यूयॉर्क-लंडनपर्यंत जाण्याचे कारण नाही. एकाच कोकणपट्टीतून, एकच भाषा बोलत, एकाच शहरात आलेल्या तीन समाजांची उदाहरणे मध्य मुंबईच्या रस्त्यांवरच मिळतात. पहिला समाज बेने इस्रायलींचा, दुसरा महारांचा आणि तिसरा गिरणगावातील चाकरमान्यांचा.

शनिवार तेली ते कारकून

बेने इस्रायल हे कोकणातले मराठीभाषक ज्यू. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज आले, अशी त्यांची परंपरा सांगते. पेणकर, चेऊलकर, नवगावकर, दिवेकर, केहिमकर ही त्यांची आडनावे म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचा नकाशाच. तेलाचे घाणे चालविणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. गावगाड्यातले त्यांचे हे स्थान फार वरचे नव्हते.

अठराव्या शतकात ही मंडळी मुंबईत येऊ लागली, तेव्हा शहर अजून वाढायचे होते आणि ईस्ट इंडिया कंपनीला शिपाई हवे होते. कंपनीच्या मुंबई फौजेत बेने इस्रायल मोठ्या संख्येने शिरले आणि संख्येच्या मानाने कितीतरी अधिक प्रमाणात एतद्देशीय अधिकारी झाले. मांडवीतील ‘शार हारहमीम’ हे त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये उभारले, ते सॅम्युएल दिवेकर या अशाच एका लष्करी अधिकाऱ्याने. फौजेपाठोपाठ शाळा आली. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलींनी धर्म राखला आणि शिक्षण घेतले. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाची स्वतःची शाळा काढली. माझगावची सर एली कदुरी शाळा हे तिचेच पुढचे रूप.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लष्कराची रचना जातवार तुकड्यांनुसार होऊ लागली. स्वतंत्र तुकडी उभी करता येईल इतकी या समाजाची संख्या नव्हती, त्यामुळे फौजेचा दरवाजा बंद झाला. पण तोवर मुलांच्या हाती इंग्रजी आले होते. रेल्वे, टपाल, जकात आणि सरकारी कचेऱ्यांत त्यांना जागा मिळाल्या. पुढच्या पिढीत डॉक्टर आणि शिक्षक झाले. कामा रुग्णालयाच्या अधीक्षक आणि १९६६ च्या पद्मश्री सन्मानाच्या मानकरी डॉ. जेरुशा झिराड याच समाजाच्या. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस मार्ग ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते एलिजा मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. समाजात गरिबी नव्हती असे मुळीच नव्हे. सुतारकाम, छोटी कारागिरी आणि कर्ज हेही त्यांच्या वाट्याला होतेच. परंतु सर्वसाधारण चित्र घाण्यावरून कचेरीत गेलेल्या समाजाचे होते.

तोच दरवाजा, वेगळा उंबरठा

आता याच कोकणातल्या दुसऱ्या समाजाकडे पाहावे. महार शिपाईही कंपनीच्या मुंबई फौजेत होते, तेही लष्करी छावण्यांतल्या शाळांत शिकले, त्यांच्यातूनही सुभेदार आणि जमादार निघाले. १८९२ च्या सुमारास त्यांचीही लष्करभरती थांबली. इथवरचा इतिहास जवळजवळ समांतर आहे. फरक पडला तो पुढच्या दाराशी. बेने इस्रायल तरुणाला कचेरीत खुर्ची मिळत होती. निवृत्त महार सुभेदाराच्या मुलाला वर्गाबाहेर बसावे लागत होते.

कारखाना जात मानत नाही, असे म्हणतात. मुंबईच्या गिरण्यांनी ते खोटे ठरविले. अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ वाटे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या गिरणी संपात हा प्रश्न मांडला, तेव्हा कामगार पुढाऱ्यांनाही त्याचे उत्तर देताना अवघड गेले होते. त्या काळात बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीतच राहत होते. कोकण तेच, फौज तीच, शाळेची ओढही तीच. स्वभावानेच भवितव्य ठरत असते, तर या दोन समाजांच्या वाटा १८९२ नंतर इतक्या दूर जाण्याचे कारण नव्हते.

दोन घरांचा संसार

तिसरा समाज चाकरमान्यांचा. ताडदेवला पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या अर्धशतकात रत्नागिरी जिल्ह्याने (आजचा सिंधुदुर्ग त्यातच होता) या शहराला सर्वाधिक हात पुरविले. हे लोक कंपनी सरकारच्या काळात आले नाहीत. उद्योग उभा राहिल्यावर त्याचे मजूर म्हणून आले. भरती कचेरीतून होत नसे, जॉबरकडून होई. काम कायमचे नसे. ‘बदली’ म्हणून रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभे राहावे लागे. मजुरीत कुटुंब शहरात आणणे परवडत नसे. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे पाचशेच्या थोड्याच वर स्त्रिया होत्या, हा आकडा पुरेसा बोलका आहे. गावकीची खोली, आळीपाळीने झोपण्याची जागा, खानावळीतले जेवण आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनीऑर्डर, असा हा दोन घरांचा संसार होता.

या व्यवस्थेत गावची शेती हा कामगाराचा विमा होता. आजारपण, बेकारी, बाळंतपण, म्हातारपण या साऱ्यांचा खर्च मालकाने किंवा शहराने उचलला नाही, कोकणातल्या घराने उचलला. संप टिकले ते या घरांच्या आधारावर. पण मुंबईत मिळवलेली पुंजी मुंबईत साठली नाही, हेही तितकेच खरे. भाड्याची खोली भाड्याचीच राहिली.

याच काळात दक्षिण मुंबईत पांढरपेशा स्थलांतरितांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. कारवार-दक्षिण कन्नडाकडून आलेल्या सारस्वतांनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल ही सहकारी पतसंस्था, १९१५ मध्ये गावदेवीला सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. १९१८ मध्ये सारस्वत बँकही उभी राहिली. त्यांचे पगार फार मोठे नव्हते, मात्र ते महिन्याच्या ठरावीक दिवशी येत. ठरावीक पगारावर कर्ज मिळते, कर्जावर घर होते, घरावर पुढच्या पिढीचे शिक्षण उभे राहते. ‘बदली’ कामगाराला बँक उभे करीत नव्हती. त्याला पठाण सावकार होता. दादर आणि गिरगावच्या मध्यमवर्गात आणि लालबागच्या कामगारात जो फरक दिसतो, त्याचा मोठा भाग व्याजाच्या दरात दडलेला आहे.

उलटलेला प्रयोग

बेने इस्रायलींच्या कथेचा उत्तरार्ध या साऱ्या विवेचनाची कसोटी ठरतो. १९५० च्या आसपास भारतात त्यांची संख्या सुमारे २० हजार होती. इस्रायलची स्थापना १९४८ मध्ये झाली आणि पुढच्या दोन दशकांत त्यांतील बहुसंख्य तिकडे गेले. भारतात त्यांचा छळ झालेला नव्हता. धर्माची ओढ आणि इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांचे काय होणार ही धाकधूक, अशा दोन्ही गोष्टी त्यामागे होत्या.

मुंबईत कारकुनी करणारी ही माणसे तिथे संक्रमण छावण्यांत आणि पुढे नेगेव वाळवंटातल्या नव्या नगरांत पाठविली गेली. त्यांचे इंग्रजी तिथे निरुपयोगी ठरले, हिब्रू येत नव्हते, ओळखीपाळखी युरोपातून आलेल्या ज्यूंच्या होत्या. १९५५ मध्ये वसविलेल्या दिमोनात अनेकांना कापड गिरणीत काम करावे लागले. भायखळ्याला गिरणीचा भोंगा ऐकत कचेरीत जाणारा माणूस वाळवंटात येऊन गिरणी कामगार झाला! रंगावरून भेदभाव होतो, ही तक्रार घेऊन काही कुटुंबांनी १९५१ मध्ये निदर्शने केली आणि १९५२ मध्ये त्यांतील शंभराहून अधिक जण भारतात परतले. पुढे त्यांच्या ज्यू असण्यावरच धर्मपीठाने शंका घेतली. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये झालेल्या आंदोलनानंतर इस्रायलच्या संसदेला त्यांच्या पूर्ण समानतेचा निर्वाळा द्यावा लागला. नंतरच्या पिढ्या सावरल्या, ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही त्यांनी तिथे चालविले. पण पहिल्या पिढीची घसरण नाकारता येत नाही.

मुंबईत एक पायरी चढलेला समाज तिथे दोन पायऱ्या उतरला. शनिवार पाळणारी, शिक्षणाची आस धरणारी संस्कृती तीच होती. बदलले होते ते शहर, भाषा आणि प्रवेशाची वेळ.

नफा कुणाचा?

गिरणगावालाही असाच धक्का बसला, फक्त त्याला स्थलांतर करावे लागले नाही. शहरच त्याच्या पायाखालून सरकले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. लाखाहून अधिक कामगार कायमचे बेकार झाले. कापड भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेले आणि गिरण्यांखालची सुमारे ६०० एकर जमीन कापडापेक्षा मौल्यवान ठरली. १९९१ च्या नियमानुसार पुनर्विकास करताना या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. सार्वजनिक वाटा आक्रसला, मॉल उभे राहिले.

या व्यवहारात गिरणी कामगाराकडे उद्योजकतेचा अभाव होता, असे म्हणणे म्हणजे विनोदच. मालकाकडेही कापड विकण्याची उद्योजकता उरली नव्हती. त्याच्याकडे जमिनीचा कागद होता. कामगाराकडे हजेरीचे कार्ड होते. कागदाचे कोटी झाले, कार्डाचा अर्ज झाला.

तो अर्ज अजून चालू आहे. घरासाठी दीड लाखांहून अधिक कामगारांनी व वारसांनी अर्ज केले. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत सात हजारांहूनही कमी घरे होती. शेलू-वांगणीला घरे देण्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२५ च्या जुलैमध्ये आझाद मैदानावर मोर्चा निघाला, तो मुंबईतच घर हवे म्हणून. दुसरीकडे वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये १६० चौरस फुटांऐवजी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळाले. शंभर वर्षे या शहरात राबलेल्या घराण्याच्या नावावर पहिल्यांदाच मुंबईतली मालमत्ता आली. चढलेला देखभाल खर्च न पेलून ती विकावी लागली, तर मात्र ही मालकीही औटघटकेची ठरेल. म्हणूनच या इमारतींचा देखभाल निधी किती वर्षे पुरतो, हा प्रश्न चाव्या वाटण्याच्या समारंभापेक्षा महत्त्वाचा आहे.

शिक्षण वेळेवर मिळाले, नोकरी ठरावीक पगाराची मिळाली, कर्ज वाजवी व्याजाने मिळाले आणि घर स्वतःचे झाले, की कोणताही समाज ‘मूळचाच हुशार’ दिसू लागतो. यांतले एकही मिळाले नाही, की तोच समाज ‘मूळचाच मागासलेला’ ठरतो. शनिवार तेल्यांनी हे दोन्ही शिक्के एकाच शतकात, दोन देशांत अनुभवले. लालबागच्या तरुणाला उद्योजकतेचे धडे देण्यापूर्वी त्याच्या आजोबांना वांगणीची नव्हे, लालबागची किल्ली मिळते का, एवढे या शहराने पाहावे.