कॉलेज बोर्डास: तुमच्या 5 मध्ये नक्की किती?

न्यूयॉर्कच्या कॉलेज बोर्डास,


जुलैत तुमचा निकाल लागला. शाळेत असतानाच दिलेल्या कॉलेजच्या पातळीच्या एपी परीक्षांत लेकीला कॅल्क्युलस बीसीत 5 पैकी 5, अमेरिकन इतिहासातही 5. पेढे वाटून झाले आणि घरात वाद पेटला: कॉलेजात हे विषय गाळायचे का? बायकोचं गणित सरळ आहे. शंभरएक डॉलरच्या परीक्षेवर हजारोंची फी वाचते, मग विचार कसला?

इतिहासाबद्दल माझं दुमत नाही. मुलीला इंजिनिअर व्हायचंय, तिचा पुढचा एकही विषय त्यावर उभा नाही. कॅल्क्युलसला मात्र मी कच खातो, कारण मी भाजलेला आहे. दहावीनंतर डिप्लोमा करून मी महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलो. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष वाचलं म्हणून गल्लीभर मिरवलो. मग गणिताचा तिसरा पेपर, एम-थ्री आला. बाकीच्यांनी पहिल्या वर्षी घोटलेलं इंटिग्रेशन मी लाप्लास ट्रान्सफॉर्मच्या आदल्या रात्री शिकत होतो. पेपर राहिला, केटी लागली ती लागलीच.

कॉलेजांचंही एकमत नाही. बीसीच्या 5 वर एमआयटी पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देते. कॅलटेक एपीला क्रेडिटच देत नाही. डार्टमथने 2014 साली आलेल्या मुलांपासून पदवीसाठी ते मोजणं थांबवलं, वरच्या वर्गात मात्र बसू देतात. उलट इलिनॉयच्या सरकारी कॉलेजांना कायद्यानं 3 वरही क्रेडिट द्यावं लागतं.

तक्रार त्याची नाही, तुमच्या कागदाची आहे. काठावर मिळालेला 5 आणि पैकीच्या पैकी मिळालेला 5 त्यावर जुळ्या भावांसारखे दिसतात. बीसीच्या निकालात एबीचा, म्हणजे त्यातल्या सोप्या भागाचा, गुण तुम्ही वेगळा देताच ना? मग आणखी थोडं खोलात जा. अनंत श्रेणी कच्च्या आहेत की इंटिग्रेशन, ते मुलांना भागवार कळवा. मे ते ऑगस्टअखेर किती विसरलं जातं, ते आम्ही बघून घेऊ.

तोवर आम्ही आमचा उपाय केला. तिच्या कॉलेजातल्या कॅल्क्युलसच्या दोन्ही सेमिस्टरच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवल्या आणि तिला जेवणाच्या टेबलावर घड्याळ लावून बसवलं. पहिली तिनं वेळेआधी संपवली. दुसरीत श्रेणींपाशी पेन थांबलं. पहिलं सेमिस्टर सोडायचं आणि दुसऱ्याला बसायचं, हे तिनंच ठरवलं.

बायको म्हणते, निम्मे तरी वाचले.

आपला,
एक पालक, न्यू जर्सी