भाकड गायीचे खाते

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ज्या पेढीवर कुंकवाचे स्वस्तिक काढून नवी वही उघडली जाते, त्याच घरचा गोठा पुष्कळदा भिंतीवरच्या कॅलेंडरवर चालतो. तारखेच्या चौकटीत दोन्ही वेळचे दूध लिहिले, दहा दिवसांनी दूध संघाचे बिल आले आणि पेंडवाल्याची उधारी भागली, की हिशेब पूर्ण झाला असे मानले जाते. दुकानात एका पोत्याची तूट सहन न करणारे कुटुंब गोठ्याचा नफा मात्र अंदाजाने मोजते.

समजा, गोठ्यात दहा गायी आहेत. गाय सुमारे २८० दिवस गाभण असते आणि विण्यापूर्वी साधारण दोन महिने तिचे दूध आटवावे लागते. त्यामुळे दहाही गायी एकाच वेळी दुधावर क्वचितच असतात. सात दुभत्या आणि तीन आटलेल्या धरू. सात गायींचे प्रत्येकी १२ लिटर म्हणजे ८४ लिटर; ३२ रुपये दराने रोजची जमा २,६८८ रुपये. दुभत्या गायीचा चारा व पेंड २२० रुपये धरल्यास नावे १,५४०. कॅलेंडरचा हिशेब येथेच थांबतो आणि लिटरमागे साडेतेरा रुपये सुटल्याचे समाधान देतो.

नावे बाजू मात्र अजून निम्मीच लिहिलेली असते. आटलेल्या तीन गायींचे ३३०, गड्याच्या मजुरीचे ४५०, आणि या दहांखेरीज वय झाल्याने कायमच्या भाकड झालेल्या दोन गायींचे १८० रुपये. एकूण २,५००. लिटरचा खर्च आता २९ रुपये ७६ पैसे होतो आणि दिवसाला उरतात अवघे १८८ रुपये. तेही औषध, वीज व कर्जाचा हप्ता यांच्या आधी. कालवडींचा खर्च यात नाही. तो उद्याच्या गायींवरील भांडवली खर्च असल्याने त्याचे खाते वेगळे असावे, पण असावेच. घरच्या रानातील कडबा 'फुकटचा' समजून सोडून देणे ही तर नेहमीची चूक. तो बाजारात ज्या भावाने विकला गेला असता, त्याच भावाने गोठ्याच्या नावे पडला पाहिजे.

जैन कुटुंबापुढील खरा प्रश्न त्या १८० रुपयांचा आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीला हे संरक्षण नाही. श्रावकाला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. त्याच्या घरी म्हातारे जनावर दावणीलाच राहते, नाहीतर देणगीसह पांजरपोळात जाते. परंतु हा खर्च बहुधा धर्मादाय खात्यात लिहिला जातो, आणि तेथेच घोळ होतो. ज्या गायीने आठ-दहा वर्षे घर चालविले, तिच्या उतारवयातील चारा हा त्या दुधाच्याच किमतीचा भाग होय. वरील उदाहरणात तो लिटरमागे २ रुपये १४ पैसे येतो. दुधाच्या खात्यात न आलेला खर्च हात आखडला की सर्वांत आधी कापला जातो; प्रथम पेंड बंद होते, मग ओला चारा. तत्त्वार्थसूत्राने अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अन्नपाननिरोध आहे, याचे स्मरण त्या वेळी फारसे कोणास होत नाही.

यासाठी गाय पहिल्या वेतात असतानाच तरतूद सुरू करावी. दर बिलातून लिटरमागे दोन-अडीच रुपये वेगळ्या बचत खात्यात वळवावेत आणि ते खाते गोठा बांधण्यासाठी वा लग्नकार्यासाठी उघडू नये. अशा तरतुदीला आयकरात वजावट मिळत नाही. तो तिचा हेतूही नाही. एवढी रक्कम बाजूला काढणे जड जात असेल, तर गायींची संख्या जास्त झाली असे समजावे. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाने भगवान महावीरांसमोर व्रत घेताना प्रत्येकी दहा हजार गायींचे चार व्रज एवढी मर्यादा स्वीकारली होती. दहा गायींच्या मालकाने बारावर थांबण्यात कमीपणा कसला?

प्रत्येक जनावराचे स्वतंत्र पान असावे. कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, खरेदीची किंमत, रेतन व वेताच्या तारखा, लसीकरण आणि विमा, एवढे त्यावर पुरे. विम्याचा दावा बिल्ल्याच्या क्रमांकावरच उभा राहतो. दुग्धव्यवसायाचे उत्पन्न आयकरात शेतीचे उत्पन्न धरले जात नाही, हे अनेकांना नोटीस आल्यावर कळते. दुभत्या जनावरावर यंत्राप्रमाणे घसाराही मिळत नाही. ते मेले किंवा व्यवसायासाठी कायमचे निरुपयोगी झाले, म्हणजे खरेदीची किंमत, त्यातून काही मिळाले असल्यास ते वजा करून, खर्च म्हणून मान्य होते. दुकानाची जुनी बिले काही वर्षांनी रद्दीत जातात. गायीच्या खरेदीची पावती मात्र गाय दावणीला आहे तोवर तिच्या पानालाच टाचलेली हवी.