उसवलेल्या पिशवीची गोष्ट

बालमित्रांनो, तुमच्या घरात सुई-दोरा कुठं ठेवलेला असतो, सांगा बरं! आठवत नाही ना? मलाही चौथीपर्यंत ठाऊक नव्हतं.

१९९९ सालच्या उन्हाळ्याची गोष्ट. १ मे रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा झाला, तोच उन्हाळा. मला पाचवीसाठी दप्तर हवं होतं आणि घरात पैशांची ओढाताण होती. आज्जी म्हणाली, "विकत कशाला? आपण शिवू की!"

आज्जीनं जन्मभर वाकळा शिवल्या. पण आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सुईचं नेढं तिला दिसेना. मग ठरलं, डोळे माझे आणि अक्कल तिची!

जुन्या मांजरपाटाचा ३६ सेंटिमीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर लांब तुकडा आम्ही कापला. दोन्ही आखूड कडा तीन-तीन सेंटिमीटर दुमडून शिवल्या. मग कापड उलट्या बाजूनं मधोमध दुमडलं. आता फक्त दोन बाजू शिवायच्या होत्या. मी खूप लांब दोरा ओवला. आज्जी हसली. "लांब दोरा गुंततो, लेकरा. बोटापासून कोपरापर्यंत घे."

मी भराभर धावदोरा घातला. सुई खाली, सुई वर! पिशवी उलटवली, बंद लावले आणि ऐटीत मिरवत निघालो. वाटेत मित्रांनी हटकलं. "अरे, हे तर बायकांचं काम!" मी कसनुसा हसलो. तेवढ्यात पिशवीत भरलेल्या चिंचांच्या वजनानं एक बाजू टरकन उसवली. चिंचा रस्त्यावर आणि सगळे खो खो हसू लागले!

घरी येऊन पिशवी कोपऱ्यात फेकली. "मी नाही शिवणार आता!"

आज्जी रागावली नाही. शिवणीवरून बोट फिरवत म्हणाली, "हितं टाका लांब पडला. हितं शेवटी गाठच नाही." डोळ्यांना न दिसणारं तिच्या बोटांना दिसत होतं! मग म्हणाली, "आन बायकांचं काम कसं रे? आपल्या नरसीचे नामदेव महाराज कोणाच्या घरचे? शिंप्याच्याच ना?"

खरंच की! परंपरेनुसार संत नामदेवांचा जन्म १२७० साली नरसीचा, घराणं शिंप्याचं. ते पार पंजाबात गेले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. त्या घरात सुई हाती धरायला कुणी पुरुष लाजला असेल का?

मी उरलेली शिवण उसवली. आज्जीनं उलटी टीप शिकवली. सुई एक टाका मागं घालायची आणि दोन टाके पुढं काढायची. मध्ये फट राहत नाही. एखादा टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. "मग वाकळीला धावदोरा कसा चालतो?" मी विचारलं. "वाकळीत ओळीवर ओळी असतात, भार वाटला जातो. पिशवीचा भार एकाच शिवणीवर." हे गणित मला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं!

ती पिशवी सातवीपर्यंत टिकली. आज्जी आता नाही. पिशवीत मात्र माझ्या वर्गाचा सुई-दोरा असतो. कुणाचं बटण तुटलं की मुलं-मुली स्वतःच लावतात.

तर मित्रांनो, या रविवारी आज्जी, मावशी, काका, जे कुणी शिवत असेल त्यांच्याजवळ बसा. आधी त्यांना सुईत दोरा ओवून द्या. मग एक छोटी पिशवी शिवा. काम झालं की सुई मोजून जागेवर ठेवा, घरात लहान भावंडं असतात!

आणि पालकहो, पहिली शिवण वाकडी येणारच. ती तुम्ही सरळ करून देऊ नका. लेकरालाच उसवू द्या.

मग, शिवणार ना?