मोफत कोर्सची खरी फी

केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ पोर्टलवर २०१७ पासून कोर्स मोफत शिकता येतात. फी लागते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेला. तरी कोर्स अर्धवट का सुटतो? तिथे हजेरी घेणारं कोणी नसतं. तुम्ही थांबलात तर सरांचा फोन येणार नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: आधी धंद्यातला एक प्रश्न वहीत लिहा. चकल्या विकता? मग ‘किलोमागे मला उरतं किती?’ हा प्रश्न घ्या. कॉस्टिंगचा धडा बघितला की व्हिडिओ बंद करा. भाजणी, तेल, गॅस, पॅकिंग आणि स्वतःची मजुरी मांडून किलोचा खर्च काढा. मगच पुढचा धडा.

भाव चुकला तर तोटा तुमच्याच खिशातून जातो. त्यामुळे शिकण्याची जबाबदारीही तुमचीच. आज आधी वही उघडा, मोबाईल नंतर.