उरलेल्या कापडाचा पोंचो

सातगाव पठारावर बटाट्याची काढणी आटोपली की थोड्याच दिवसांत पेठेत सकाळचा वारा बोचायला लागतो. पहिल्या तासाला मुली ओढणीतून हात बाहेर काढत नाहीत. गेल्या वर्षीच्या स्वेटरच्या बाह्या मनगटाच्या वर गेलेल्या असतात. दरवर्षी तीन-चार मुलांना नवे स्वेटर घेणे प्रत्येक घराला जमत नाही, आणि कुणी दिलेला स्वेटर मुलगी लाजून दप्तरातच ठेवते. स्वतः शिवलेली वस्तू मात्र ती मिरवते. म्हणून कार्यानुभवाच्या तासाला आम्ही पोंचो शिवायला घेतो.

पोंचो म्हणजे डोक्यातून घालायचे, बिनबाह्यांचे पांघरूण. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातले लोक तो वापरतात. आपल्याकडचा धनगर घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतो, तिचाच हा लांबचा भाऊबंद.

ईदचे कपडे शिवून झाले की अर्धा-पाऊण मीटर कापड बहुतेक घरी उरते. तेच बाहेर काढा. नवे सुती कापड आधी धुऊन वाळवा, नाहीतर शिवल्यावर आटते आणि जोड ओढला जातो.

दोन सारखे आयत कापायचे. ८ ते १० वर्षांच्या मुलीला प्रत्येकी १४ इंच रुंद, २६ इंच लांब पुरतात. ४४ इंच पन्ह्याच्या पाऊण मीटर कापडात दोन्ही बसतात. तुकडे लहान असतील तर गोधडीसारखे जोडून आयत करा. पहिल्या आयताची आखूड बाजू दुसऱ्याच्या लांब बाजूला, एका टोकाशी कड मिळवून शिवा. आता कापड काटकोनासारखे दिसेल. दुसऱ्या आयताचे जोडापासून लांबचे टोक वळवून पहिल्याच्या आतल्या लांब बाजूला, पार शेवटाशी जोडा. मधे उरते ती फट म्हणजे गळा. आधी कागदाच्या दोन पट्ट्यांवर करून पाहा. वाचून कळत नाही ते हातात घेतल्यावर लगेच कळते.

मापाचे गणित मुलींना फार आवडते. लांबीतून रुंदी वजा केली की १२ इंच उरले पाहिजेत, म्हणजे गळ्याचा घेर २४ इंच होतो आणि डोके सहज जाते. मोठ्या बाईसाठी २० आणि ३२ घ्या. अंग वाढते, डोके फारसे वाढत नाही, म्हणून १२ तेच!

नुसत्या सुती कापडाने थंडी जात नाही. जुन्या शालीचे किंवा फाटक्या ब्लँकेटचे अस्तर लावा आणि दोन्ही थर धावदोऱ्याने धरून ठेवा. गळ्याला तिरकी पट्टी लावली की तो ताणून सैल होत नाही. लहान मुलांच्या गळ्याला नाडी मात्र लावू नका, कुठेही अडकते.

आणखी एक गोष्ट आम्ही प्रत्येक आईला बजावतो. मोटारसायकलच्या चाकात ओढणी अडकते तशी पोंचोची टोकेही अडकू शकतात. दोन्ही बाजूंना काखेखाली टिचबटण लावा, आणि गाडीवर बसताना टोके मांडीखाली घ्यायला सांगा. चुलीपाशी किंवा गॅसजवळ पोंचो अंगावर नकोच, त्यातून टेरिकॉट असेल तर मुळीच नको.

पुढच्या वर्षी मुलगी उंच झाली की खालच्या कडेला ३ इंचांची वेगळ्या रंगाची पट्टी जोडा. गळा उसवावा लागत नाही.